डेंग्यूत ‘स्ट्राँग’ गोळी का देत नाहीत?

‘डॉक्टरांनी नुसती पॅरासिटामॉल दिली, ताप हटेना, मेडिकलमधून स्ट्राँग गोळी आणा,’ हे पावसाळ्यात हमखास ऐकू येतं. ती गोळी बहुधा आयबुप्रोफेन नाहीतर डायक्लोफिनॅकची असते, आणि डेंग्यूत नेमकी तीच नको. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, आधीच घटलेल्या असतात. ही औषधं उरलेल्यांनाही नीट काम करू देत नाहीत, वर जठराच्या अस्तराला इजा करतात. मग काळी शी, रक्ताची उलटी.

पाकिटावरची बारीक अक्षरं वाचाच. अंगदुखीच्या कित्येक गोळ्यांत पॅरासिटामॉलसोबत अ‍ॅसिक्लोफिनॅक हे डायक्लोफिनॅकच्याच गटातलं औषध असतं. सर्दीच्या गोळीतही बरेचदा पॅरासिटामॉल असतंच. दोन्ही घेतल्या की डोस नकळत वाढतो, यकृतावर ताण येतो. ताप उतरल्यानंतरचे २४ ते ४८ तास खरे जोखमीचे: पोटात जोरात दुखलं, उलट्या थांबेनात, तर थेट रुग्णालय गाठा.