काचपट्टीवरचा हिवताप

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात कुणाला हुडहुडी भरून ताप आला, की आशाताई दारात हजर. बोटाला सुई, काचपट्टीवर रक्त. एक जाड ठिपका, शेजारी पातळ लेप. ठिपक्यात परजीवी आहे की नाही ते कळतं, लेपात तो कुठल्या जातीचा ते. हिवताप कार्यक्रमाचं यशापयश बरंचसं या पट्ट्यांवर मोजलं जातं, आणि गफलतही इथेच होते.

समजा, चार हजार वस्तीचं गाव आहे. यंदा ४०० जणांचं रक्त तपासलं, ४ जणांना हिवताप निघाला. म्हणजे हजारी एक रुग्ण. पुढच्या वर्षी ताईच्या गळ्यात दुसरंच काम पडलं, तपासण्या १०० वर आल्या, रुग्ण सापडले २. हजारी दर निम्म्यावर! बैठकीत टाळ्या. पण तपासलेल्यांत बाधित किती? आधी एक टक्का, आता दोन. वर्षाला दहा टक्के लोकांचं रक्त तपासलं जावं, हा दंडक त्यासाठीच. मी तरी आधी तो आकडा बघतो, रुग्णसंख्या नंतर.

सीमाभागात आणखी एक भानगड आहे. पोरगा कामाला गोव्यात, डास चावतो तिथे आणि ताप भरतो चतुर्थीला घरी आल्यावर. असा रुग्ण ‘बाहेरून आलेला’ म्हणून वेगळा नोंदवायचा असतो. नाहीतर तिकडच्या बांधकामावरच्या उघड्या टाकीचं खापर इथल्या फवारणीवर फुटतं.

फवारणीचं तरी काय? रक्त पिऊन जड झालेली मादी भिंतीवर टेकते आणि तिथल्या औषधानं मरते. गणपतीसाठी भिंत रंगवली की औषध रंगाखाली. कागदावर मात्र ते घर ‘फवारलेलं’च.

सगळ्यांत फसवा हिशेब खर्चाचा. रुग्ण भरपूर असतात तेव्हा एकेक स्वस्तात सापडतो. ते कमी झाले की एकासाठी शेकडो पट्ट्या बघाव्या लागतात, म्हणजे कार्यक्रम जितका यशस्वी तितका कागदावर उधळा. मग कुणीतरी विचारतंच, एवढा खर्च कशाला? स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी रुग्ण असल्याचा अंदाज होता. १९६५ पर्यंत ते लाखाच्या आसपास आले. मग देखरेख सैलावली, औषधांचा तुटवडा पडला, डास डीडीटीला दाद देईनात. १९७६ साली नोंद झाली ६४ लाख रुग्णांची.