जवळच्या भाषेचा चकवा : डच विद्यार्थी आणि इंग्रजी तरतमभाव

डच मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्याच्या वहीत असे एखादे इंग्रजी वाक्य हमखास सापडते : ‘द मोस्ट पीपल थिंक ॲम्स्टरडॅम इज बिगर देन रॉटरडॅम, बट रॉटरडॅम इज इंटरेस्टिंगर.’ अर्थ चटकन कळतो, पण चुका तीन आहेत. ‘मोस्ट पीपल’च्या आधी ‘द’ नको. ‘देन’च्या जागी ‘दॅन’ हवे. आणि ‘इंटरेस्टिंगर’ असा शब्द इंग्रजीत नाही, ‘मोअर इंटरेस्टिंग’ म्हणावे लागते. या तिन्ही जागी विद्यार्थ्याने जे केले, ते डच व्याकरणाप्रमाणे अगदी बिनचूक आहे.

रॉबर्ट लाडो या अमेरिकी भाषावैज्ञानिकाने 1957 मध्ये असे मांडले होते, की परकी भाषा शिकताना जे मातृभाषेसारखे असते ते सोपे जाते आणि जे वेगळे असते ते जड जाते. तरतमभावाच्या, म्हणजे ‘मोठा, अधिक मोठा, सर्वांत मोठा’ अशा तुलनेच्या रूपांच्या बाबतीत डच विद्यार्थ्याचा अनुभव याच्या जवळजवळ उलट आहे. जिथे दोन्ही भाषा पूर्ण वेगळ्या आहेत तिथे तो सावध असतो. जिथे त्या नव्वद टक्के सारख्या दिसतात, तिथे तो उरलेल्या दहा टक्क्यांत अडकतो.

साम्य खरोखरच मोठे आहे. दोन्ही भाषा पश्चिम जर्मानिक कुळातल्या. इंग्रजीत ‘गुड, बेटर, बेस्ट’, तर डचमध्ये ‘खूट, बेटर, बेस्ट’ (डच ‘ग’चा उच्चार घशातून, आपल्या ‘ख’च्या जवळ जाणारा). ‘मोठा, अधिक मोठा, सर्वांत मोठा’ यांना डचमध्ये ‘ख्रोट, ख्रोटर, ख्रोट्स्ट’. तुलनेला ‘-अर’, श्रेष्ठत्वाला ‘-स्ट’. हा ‘-स्ट’ आपल्यालाही परका नाही. ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ या शब्दांतला संस्कृत ‘-इष्ठ’ आणि इंग्रजी-डचमधला हा प्रत्यय एकाच इंडो-युरोपीय मुळातून आलेले आहेत. मराठीत मात्र तो प्रत्यय नवे शब्द घडवत नाही. आपले काम ‘-पेक्षा’ आणि ‘सर्वांत’ यांवर भागते. म्हणून मराठी मुलाला ‘इंटरेस्टिंगर’चा मोह सहसा होत नाही. त्याचा धोका वेगळा : ‘अधिक चांगले’च्या धर्तीवर ‘मोअर बेटर’.

डच मुलाला तो मोह का होतो? कारण डचमध्ये विशेषणाची लांबी पाहिली जात नाही. ‘इंटरेसांट’ला ‘-अर’ लावून ‘इंटरेसांटर’ होते, ‘मोडेर्न’चे ‘मोडेर्नर’ होते. शब्दाच्या शेवटी ‘र’ असेल तर मध्ये ‘ड’ येतो, म्हणून महाग या अर्थाच्या ‘द्यूर’चे ‘द्यूर्डर’ आणि ‘पॉप्युलेर’चे ‘पॉप्युलेर्डर’. ‘मेर’ आणि ‘मेस्ट’, म्हणजे इंग्रजी ‘मोअर’ आणि ‘मोस्ट’चे सख्खे भाऊ, डचमध्येही आहेत, पण त्यांना काम कमी. ‘फान्टास्टिस’सारख्या शब्दाला ‘-स्ट’ लावला तर जीभ अडखळते, तिथे ‘मेस्ट’ वापरतात.

इंग्रजीही पूर्वी अशीच होती. जुन्या इंग्रजीत लांब-आखूड सगळ्या विशेषणांना प्रत्ययच लागत. ‘मोअर’ आणि ‘मोस्ट’ लावण्याची पद्धत तेराव्या शतकापासून पसरत गेली, आणि त्यात फ्रेंच व लॅटिनच्या सहवासाचा वाटा असावा असे बरेच अभ्यासक मानतात. पुढची काही शतके दोन्ही पद्धती सरमिसळ चालत होत्या. एकाच विशेषणाला ‘मोअर’ही आणि ‘-अर’ही लावलेले सोळाव्या शतकातल्या लेखनात सर्रास दिसते. आजची वाटणी त्यातून हळूहळू स्थिरावली. एक अवयव (सिलेबल, म्हणजे एका दमात उच्चारला जाणारा शब्दाचा तुकडा) असलेल्या शब्दाला प्रत्यय : ‘टॉलर’, ‘चीपर’. दोन अवयव असून शेवटी ‘वाय’ असेल तरी प्रत्यय, फक्त ‘वाय’चा ‘आय’ होतो : ‘हॅपिअर’, ‘ईझिअर’. ‘नॅरो’, ‘सिंपल’, ‘क्लेव्हर’ यांसारखे दोन अवयवी शब्द दोन्हीकडे चालतात. बाकीचे बहुतेक दोन अवयवी आणि तीन किंवा जास्त अवयवांचे सगळे शब्द ‘मोअर’कडे. अपवाद लक्षात ठेवण्याजोगे थोडेच : ‘फन’, ‘राँग’, ‘बोअर्ड’ हे आखूड असूनही ‘मोअर’ घेतात, तर ‘अनहॅपी’ तीन अवयवांचा असूनही ‘अनहॅपिअर’ होतो, कारण आतला ‘हॅपी’ आपली सवय सोडत नाही.

अवयव मोजायला डच विद्यार्थ्याला अडचण येत नाही. अडचण अशी, की ज्या शब्दांवर मोजायला हवे तेच शब्द त्याला आपले वाटतात. ‘मॉडर्न’, ‘पॉप्युलर’, ‘इंटेलिजंट’, ‘ॲक्टिव्ह’, ‘इंटरेस्टिंग’ : या प्रत्येकाचा जुळा डचमध्ये आहे आणि तो तिथे बिनदिक्कत प्रत्यय घेतो. अगदी अनोळखी इंग्रजी शब्दापुढे विद्यार्थी थांबून विचार करतो, या ओळखीच्या शब्दांपुढे थांबत नाही. म्हणून नियम पाठ करून घेण्याआधी अशा वीस-पंचवीस जुळ्या शब्दांची यादी करावी आणि प्रत्येक शब्द ‘मोअर’सकट, एकच शब्द असल्यासारखा तोंडात बसवावा. माझ्या मते यावर घातलेला एक तास नियमांच्या तक्त्यावर घातलेल्या चार तासांपेक्षा अधिक उपयोगी पडतो.

‘दॅन’ आणि ‘देन’चा घोळ याहून चिवट आहे. अस्खलित इंग्रजी बोलणारे, विद्यापीठात इंग्रजीतून प्रबंध लिहिणारे डच लोकही ‘बिगर देन’ लिहून जातात. याची तीन कारणे एकावर एक चढलेली आहेत. पहिले, डचमध्ये ‘-पेक्षा’ आणि ‘मग’ या दोन्हींसाठी एकच शब्द आहे, ‘डान’. दुसरे, ‘अॅ’ हा स्वर डचमध्ये नाही, त्यामुळे ‘बॅड’ आणि ‘बेड’ यांतला फरक ऐकायला आणि उच्चारायला मुद्दाम शिकावा लागतो. तिसरे, हा फरक शिकून घेतला तरी बोलण्याच्या ओघात इंग्रज माणूस ‘दॅन’वर जोर देत नाही, तो ‘दन्’ इतकाच ऐकू येतो. म्हणजे अर्थ, स्वर आणि कान, तिघांकडूनही मदत नाही. इंग्रजीतही हे दोन शब्द मुळात एकच होते आणि त्यांची स्पेलिंगे पुरती वेगळी व्हायला 1700 साल उजाडावे लागले. उपाय लेखनातच शोधावा लागतो. वाक्य मनात डचमध्ये म्हणावे आणि ‘डान’च्या जागी ‘डारना’, म्हणजे ‘त्यानंतर’, घालून पाहावे. अर्थ टिकला तर इंग्रजीत ‘ई’चे स्पेलिंग (‘देन’), मोडला तर ‘ए’चे (‘दॅन’).

याच जागी आणखी एक फाटा फुटतो. बोलीत बरेच डच भाषक ‘ख्रोटर डान’ऐवजी ‘ख्रोटर आल्स’ म्हणतात. शुद्ध काय यावर डच व्याकरणकार सतराव्या शतकापासून वाद घालत आले आहेत. प्रमाणभाषेत ‘डान’ जिंकला, बोलण्यात ‘आल्स’ टिकून राहिला. त्याची सावली इंग्रजीत ‘बिगर ॲज’ अशी पडते. यासाठी एकच पक्की गाठ बांधावी : ‘-अर’ किंवा ‘मोअर’ आला, की पुढे ‘दॅन’. ‘ॲज’ नेहमी जोडीने येतो, ‘ॲज बिग ॲज’. डचमध्ये या जोडीतला पहिला शब्द ‘झो’ असतो, त्यामुळे ‘दुप्पट मोठा’ म्हणताना ‘टू टाइम्स सो बिग ॲज’ असे वाक्य तयार होते. हवे असते ‘ट्वाइस ॲज बिग ॲज’.

अर्थाचा खरा गोंधळ होतो तो ‘ईव्हन’मुळे. डच ‘एवन ख्रोट’ म्हणजे ‘तेवढाच मोठा’. इंग्रजी ‘ईव्हन बिगर’ म्हणजे ‘आणखीच मोठा’. स्पेलिंग एक, जागा एक, अर्थ वेगळे. बाकीच्या चुकांत ऐकणारा मनात दुरुस्ती करून घेतो. इथे मात्र घाईत वाचणारा डच माणूस दोन आकडे सारखे आहेत असे समजू शकतो. करार, मोजमापे, औषधाची मात्रा अशा ठिकाणी हे महागात पडेल. ‘बेस्ट’चेही तसेच : डचमध्ये ‘बेस्ट मूयलक’ म्हणजे ‘बऱ्यापैकी अवघड’, इंग्रजीत ते ‘क्वाइट डिफिकल्ट’.

‘द मोस्ट पीपल’ची चूक लहान दिसते, पण ती फार खोल रुतते. डचमध्ये ‘बहुतेक लोक’ म्हणायला ‘द मेस्ट मेन्सन’, उपपद अनिवार्य. इंग्रजीत ‘मोस्ट पीपल’ म्हणजे बहुतेक लोक. ‘द’ लावला की अर्थ तुलनेकडे सरकतो : ‘विच सिटी हॅज द मोस्ट पीपल?’, सर्वांत जास्त लोक कोणत्या शहरात? कमी या अर्थाच्या ‘मिंडर’चा प्रश्न याच्या शेजारचा. पाणी कमी असो वा माणसे, डचमध्ये ‘मिंडर’च. इंग्रजीत मोजता येणाऱ्या गोष्टींना ‘फ्यूअर’ आणि न मोजता येणाऱ्यांना ‘लेस’ असा शिष्टसंमत भेद आहे. बोलण्यात इंग्रजही तो पाळतात असे नाही, त्यामुळे परीक्षेचे लेखन सोडले तर यावर फार वेळ घालवू नये.

‘जितके जास्त, तितके चांगले’ला डच म्हणतात ‘हू मेर, हू बेटर’. यातला ‘हू’ हा इंग्रजी ‘हाऊ’चा भाऊ, म्हणून ‘हाऊ मोअर, हाऊ बेटर’ असा अनुवाद होतो. इंग्रजीत दोन्हीकडे ‘द’ लागतो : ‘द मोअर, द बेटर’. तसेच ‘बिगेस्ट ऑफ द वर्ल्ड’ नव्हे, ‘बिगेस्ट इन द वर्ल्ड’. ठिकाण सांगताना ‘इन’.

स्पेलिंगमध्ये डच सवय अर्धी तारते, अर्धी मारते. जाड या अर्थाच्या ‘डिक’चे ‘डिकर’ करताना डचमध्ये व्यंजन दुप्पट होते, म्हणून ‘बिगर’, ‘हॉटर’ यांतले जोडव्यंजन विद्यार्थी सहज लिहितो. पण ‘ख्रोट’मधले दोन ‘ओ’ ‘ख्रोटर’मध्ये एक होतात, ती सवय इंग्रजीत ‘कूलर’चा एक ‘ओ’ खाऊन टाकते. आणि प्रेमळ या अर्थाच्या ‘लीफ’चे डचमध्ये ‘लीव्हर’ होते, ‘एफ’चा ‘व्ही’. त्याच चालीने ‘सेफर’ लिहायला गेलेला हात ‘सेव्हर’ लिहितो, आणि बचत करणारा असा वेगळाच शब्द कागदावर उतरतो. संगणकाचा स्पेलिंग-तपासनीस ही चूक पकडत नाही, कारण दोन्ही शब्द कोशात आहेत. ‘दॅन’ आणि ‘देन’च्या बाबतीतही तो अनेकदा गप्प राहतो. या दोन जागा लेखन संपल्यावर स्वतंत्रपणे, शोध-सुविधा वापरून, एकेक करून तपासाव्या लागतात.