ध्यास चांगल्याचा, धास्ती चुकीची

प्रबंधाचे पहिले वाक्य लिहायचे, दोनदा वाचून पुसून टाकायचे आणि ‘आधी आणखी एक संदर्भ पाहून घेऊ’ असे म्हणत फाइल बंद करायची, हा क्रम अनेक विद्यार्थ्यांच्या अंगवळणी पडलेला असतो. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते: ‘मला काम परिपूर्णच लागते, म्हणून उशीर होतो.’ हे उत्तर अर्धेच खरे आहे.

कॅनडातील मानसशास्त्रज्ञ पिअर्स स्टील यांनी 2007 मध्ये चालढकलीवरील उपलब्ध संशोधन एकत्र तपासले, तेव्हा परिपूर्णतेचा आग्रह आणि चालढकल यांचा संबंध जवळपास शून्य निघाला. उतावळा स्वभाव आणि कामाचा कंटाळा यांचा संबंध मात्र ठळक होता. मग रोजचा अनुभव खोटा म्हणायचा का? मानसशास्त्रज्ञ फ्युशिया सिरॉइस आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये 43 अभ्यासांचा, म्हणजे सुमारे 10,000 व्यक्तींच्या माहितीचा, मेळ घातला, तेव्हा हा गुंता बराचसा सुटला. परिपूर्णतेच्या आग्रहात दोन वेगळ्या गोष्टी असतात. स्वतःसाठी उंच मापदंड ठेवून त्यासाठी झटणारे लोक चालढकल कमी करतात. चूक झाली तर लोक काय म्हणतील, आपली किंमत कमी होईल, या धास्तीत राहणारे अधिक करतात. दोन्ही संबंध माफक, पण जवळपास सारख्याच ताकदीचे आणि उलट दिशेचे आहेत. साहजिकच दोन्ही प्रवृत्ती एकत्र मोजल्या की त्या एकमेकींना झाकून टाकतात.

धास्तीमुळे हात का थांबतो, हे त्या बंद केलेल्या फाइलपाशीच दिसते. फाइल मिटताच छातीवरचे दडपण उतरते, आणि मिळालेला हा दिलासा मेंदूच्या दृष्टीने बक्षीसच असल्यामुळे पुढच्या वेळी फाइल आणखी लवकर मिटते. सिरॉइस आणि मानसशास्त्रज्ञ टिमोथी पिचिल यांनी चालढकलीकडे वेळेच्या नियोजनापेक्षा भावना सावरण्याच्या धडपडीच्या अंगाने पाहिले, आणि मला ही मांडणी फार मोलाची वाटते, कारण अशा विद्यार्थ्याला आपण सहसा वेळापत्रक तरी देतो किंवा बोल तरी लावतो. बोल लावल्याने तर धास्ती वाढतेच.

कॅनडातील कार्लटन विद्यापीठातील प्रथम वर्षाच्या 119 विद्यार्थ्यांवरील, 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पहिल्या परीक्षेच्या वेळी अभ्यास लांबणीवर टाकूनही ज्यांनी स्वतःला मनापासून माफ केले होते, त्यांनी दुसऱ्या परीक्षेच्या तयारीत चालढकल कमी केली.