नीटचे घोळ आणि पोरांच्या माथी पडणारी वर्षं

नीट, म्हणजे मेडिकलची देशभरातली प्रवेश परीक्षा. २०२४ चा तिचा गोंधळ सगळ्यांच्या लक्षात आहे, पण हा प्रकार त्याच्या बराच आधीपासून चालत आलाय.

२०१५ ला नीटच्या जागी एआयपीएमटी ही मेडिकलची परीक्षा होती. ३ मे ला पेपर झाला, उत्तरं बाहेरून मोबाईल-ब्लूटूथवर पुरवल्याचं हरियाणात उघड झालं, ४४ जणांना फायदा झाल्याचं तपासात निघालं आणि सुप्रीम कोर्टाने १५ जूनला अख्खी परीक्षाच रद्द केली. रद्द करणं बरोबरच होतं, पण सहा लाखांवर पोरांना २५ जुलैला परत बसावं लागलं.

पुढच्या वर्षी आपल्याकडची पोरं भरडली. एमएच-सीईटी, म्हणजे महाराष्ट्राची स्वतःची प्रवेश परीक्षा, ५ मे ला, पोरांनी स्टेट बोर्डाचा सिलॅबस धरून तयारी केलेली, आणि २८ एप्रिलला कोर्टाचा आदेश आला की मेडिकलचं अ‍ॅडमिशन फक्त नीटवरच. पहिला टप्पा लगेच १ मे ला! पालक अक्षरशः सैरभैर झाले होते, शेवटी २४ मे ला केंद्राचा अध्यादेश आला आणि राज्याच्या जागांना त्या वर्षापुरती सूट मिळाली.

२०१८ ला तमिळ पेपरात ४९ प्रश्नांचं भाषांतर चुकलं. मद्रास हायकोर्टाने १९६ मार्क द्यायला सांगितले, सुप्रीम कोर्टाने तो निकाल रद्द केला. चूक कोणाची हे स्पष्ट असून मार्क गेले ते पोरांचेच.

मला सगळ्यात जास्त लागलेली केस २०२१ ची, सोलापूरची. सेंटरवर प्रश्नपत्रिका आणि ओएमआर शीटची (उत्तरं भरायच्या कागदाची) सरमिसळ झाली, दोन पोरांच्या हातात प्रश्नपत्रिका एका कोडची आणि ओएमआर शीट दुसऱ्याच कोडची आली, त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं पण पर्यवेक्षकांनी ऐकलं नाही. मुंबई हायकोर्टाने दोघांची फेरपरीक्षा घ्या म्हटलं, पण सुप्रीम कोर्टाने सहानुभूती दाखवली तरी तो आदेश फिरवला, कारण दोघांसाठी वेगळी परीक्षा घेता येत नाही.

मग २०२४. ४ जूनला, लोकसभेच्या निकालाच्याच दिवशी रिझल्ट लागला आणि ६७ जणांना ७२० पैकी ७२०. कोणाला ७१८, कोणाला ७१९. आता नीट देणारं कुठलंही पोरगं सांगेल की बरोबर उत्तराला ४ मार्क आणि चुकलं तर एक वजा, म्हणजे एक प्रश्न सोडला तर ७१६ होतात आणि चुकला तर ७१५, मधले आकडे येतीलच कसे? तर सहा सेंटरवर वेळ वाया गेला म्हणून १,५६३ जणांना ग्रेस मार्क दिले होते, कोणाला न सांगता. ते नंतर काढून घेतले, २३ जूनला त्यांची फेरपरीक्षा ठेवली, तिला ८१३ जणच बसले. फिजिक्सच्या एका प्रश्नाची दोन उत्तरं बरोबर धरली होती, आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांनी एकच बरोबर सांगितलं, आणि ज्यांनी एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकातलं वाचून दुसरं लिहिलं होतं अशा सुमारे ४ लाख पोरांचे पाच-पाच मार्क कमी झाले. टॉपर उरले १७. पेपर झारखंडच्या हजारीबागमध्ये फुटला होता हे कोर्टाने मान्य केलं, पण सगळीकडे फुटल्याचा पुरावा नाही म्हणून फेरपरीक्षा नाकारली, आणि काउन्सेलिंग, म्हणजे कॉलेजच्या जागा वाटायची प्रक्रिया, ऑगस्टपर्यंत लांबलं.

म्हणजे दोन पोरं असली तर ती फारच थोडी, आणि २३ लाख असली तर फारच जास्त. मग दाद मिळायला नेमकी किती लागतात?

पेपरफुटीविरोधी नवा कायदा त्याच जूनमध्ये लागू झाला. त्यात जेल आहे, एक कोटीपर्यंत दंड आहे, परीक्षेचा खर्च एजन्सीकडून वसूल करायची सोयसुद्धा आहे. सेंटरच्या चुकीने ज्याचा पेपर गेला त्याला ठरावीक मुदतीत दुसरा पेपर मिळेल, असं कलम मात्र नाही.