सी भाषेतील डिफॉल्ट आर्ग्युमेंट

फंक्शन कॉल करताना एखादे आर्ग्युमेंट, म्हणजे फंक्शनला पुरवायचे मूल्य, दिले नाही, तर त्याच्या जागी आधीच ठरवून ठेवलेले मूल्य आपोआप धरले जावे, या सोयीस डिफॉल्ट आर्ग्युमेंट म्हणतात. सी या प्रोग्रॅमिंग भाषेत ही सोय नाही. १९८९ च्या अमेरिकी प्रमाणकापासून २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सी २३’ पर्यंत कोणत्याही प्रमाणकाने ती स्वीकारलेली नाही. त्यामुळे प्रस्तुत नोंद भाषेच्या एखाद्या नियमाविषयी नसून, तो नियम नसल्यामुळे रूढ झालेल्या रीतींविषयी आहे. गोव्यात हा विषय महाविद्यालयांतून इंग्रजीतूनच शिकवला जातो, म्हणून येथील मराठी वाचकाच्या तोंडी असलेले शब्दच येथे कायम ठेवले आहेत.

या कल्पनेचा उगम एका भाषेकडे बोट दाखवून सांगता येत नाही. लिस्पच्या काही बोलींत १९७० च्या दशकातच ऐच्छिक आर्ग्युमेंटे होती, असे सामान्यतः मानले जाते. एडाच्या १९८३ च्या प्रमाणकात डिफॉल्ट मूल्ये स्पष्टपणे आहेत. सीच्या घराण्यापुरते पाहिले, तर ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी १९७९ मध्ये ‘सी विथ क्लासेस’चे (पुढे हीच सी++ झाली) काम सुरू केले व त्यांच्याच कथनानुसार १९८१ च्या सुमारास तीत ही सोय आली. एकाच नावाची अनेक फंक्शने लिहिण्याची मुभा पुढे मिळाल्यावर डिफॉल्ट आर्ग्युमेंटांची तार्किक गरज उरली नाही, असा त्यांचा अभिप्राय आहे. हा अभिप्राय ग्राह्य वाटतो. तथापि सीमध्ये ती मुभाही नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. याच शाखेतून प्रोटोटाइप, म्हणजे आर्ग्युमेंटांचे प्रकार सांगणारी फंक्शनची घोषणा, मात्र सीच्या पहिल्या प्रमाणकात आले.

नावाच्या साधर्म्यामुळे येथे एक घोटाळा नेहमी होतो. सीच्या प्रमाणकात ‘डिफॉल्ट आर्ग्युमेंट प्रमोशन’ हा शब्दप्रयोग आहे, पण त्याचा गाळलेल्या आर्ग्युमेंटाशी काही संबंध नाही. प्रोटोटाइप नसलेल्या फंक्शनला, किंवा प्रिंटएफसारख्या फंक्शनच्या तीन टिंबांच्या जागी (ही टिंबे ‘पुढे कितीही आर्ग्युमेंटे चालतील’ असे दर्शवतात) मूल्य देताना कॅर आणि शॉर्ट या छोट्या पूर्णांक प्रकारांचे सामान्यतः इंटमध्ये व फ्लोटचे डबलमध्ये जे रूपांतर होते, त्याचे ते नाव आहे.

प्रमाणकपूर्व सीमध्ये आर्ग्युमेंटांची संख्या कंपायलर तपासत नसे. ती उणीव लिंट या वेगळ्या साधनाने भरून काढली जाई. कमी आर्ग्युमेंटे दिलेला कॉल कंपाइल होई, पण गाळलेल्या जागी ठरीव मूल्य नव्हे, तर तेथे योगायोगाने पडून असलेले बिट वाचले जात. ‘सी २३’ मध्ये फंक्शनच्या घोषणेतील रिकाम्या कंसाचा अर्थ ‘आर्ग्युमेंट नाही’ असा पक्का झाल्याने ही पळवाट बंद झाली.

तीन टिंबांची फंक्शने हा डिफॉल्टचा पर्याय समजला जातो, पण तो अपुरा आहे. किती आर्ग्युमेंटे आली हे फंक्शनला कळण्याचा मार्ग भाषा देत नाही. ते आधीच्या एखाद्या आर्ग्युमेंटावरूनच ओळखावे लागते. युनिक्समधील फाइल उघडणारे ओपन हे फंक्शन याचे ठळक उदाहरण होय. नवी फाइल निर्माण करण्याची खूण दिली असेल तरच त्याचे तिसरे आर्ग्युमेंट, म्हणजे फाइलच्या परवानग्या, वाचले जाते. खूण देऊन परवानग्या विसरल्या, तर फाइलला मनमानी परवानग्या मिळू शकतात.

अधिक सुरक्षित रीत म्हणजे ‘डिफॉल्ट घ्या’ असा अर्थ असलेले खास मूल्य राखून ठेवणे. पीथ्रेड या ग्रंथालयातून धागा (प्रोग्रॅममध्ये समांतर चालणारे काम) निर्माण करताना गुणधर्मांच्या जागी नल, म्हणजे रिकामा पॉइंटर, दिल्यास डिफॉल्ट गुणधर्म लागू होतात. मजकुरातील आकड्याची संख्या करणाऱ्या स्ट्रटोलला संख्यापद्धतीचा पाया शून्य दिल्यास आकड्याच्या आरंभीच्या चिन्हांवरून तो ठरवला जातो. मात्र राखीव मूल्य हे कधीही खऱ्या मूल्यांपैकी नसावे लागते. रायबंदर–चोडण फेरीबोटीची एक फेरी नोंदवणारे फंक्शन कल्पिल्यास, त्यात वाहनांच्या संख्येसाठी शून्य राखून ठेवता येणार नाही, कारण केवळ पायी प्रवासी घेऊन निघालेल्या फेरीत वाहने खरोखरच शून्य असतात. तेथे उणे एक घ्यावे लागते, आणि संख्येचा प्रकार चिन्हरहित, म्हणजे उणे मूल्ये नसलेला, असेल तर तेही सरळपणे घेता येत नाही.

ही अडचण ‘सी ९९’ मधील दोन सोयींनी दूर होते: स्ट्रक्चरच्या (एकत्र बांधलेल्या मूल्यांच्या गटाच्या) सदस्यांना नाव घेऊन मूल्य देणे आणि कंपाउंड लिटरल, म्हणजे कंसात मूल्ये लिहून स्ट्रक्चर जागच्या जागी घडवणे. सर्व पॅरामीटर एका स्ट्रक्चरमध्ये ठेवावेत, मूळ फंक्शनने ते स्ट्रक्चर घ्यावे, आणि तीन टिंबांचा एक मॅक्रो, म्हणजे कंपाइल होण्याआधी मजकुरात विस्तारला जाणारा संक्षेप, लिहावा. हा मॅक्रो कंसात प्रथम डिफॉल्ट मूल्ये लिहितो व त्यांच्या मागोमाग कॉल करणाऱ्याचा मजकूर जसाच्या तसा ठेवतो. एकाच सदस्याला दोनदा मूल्य दिल्यास नंतरचे ग्राह्य धरावे, असा प्रमाणकाचा नियम आहे. म्हणून वाहनांचे डिफॉल्ट दहा असले, तरी कॉल करणाऱ्याने नाव घेऊन लिहिलेले शून्य हे शून्यच राहते. यादीच्या शेवटी स्वल्पविराम चालत असल्याने रिकामा कंसही वैध ठरतो. या रीतीच्या मर्यादा तीन आहेत. नाव न घेता दिलेले मूल्य शेवटी उल्लेखिलेल्या सदस्याच्या पुढील सदस्यात जाते. म्हणून काही जण स्ट्रक्चरच्या आरंभी एक निरुपयोगी सदस्य ठेवून त्याचे नाव डिफॉल्टांच्या शेवटी घेतात. बाद झालेल्या डिफॉल्टाचे मूल्यमापन होईलच अशी हमी नाही, त्यामुळे फेऱ्यांचा क्रमांक वाढवणाऱ्या फंक्शनचा कॉल तेथे डिफॉल्ट म्हणून लिहू नये. शिवाय जीसीसी हा कंपायलर कडक तपासणीत अशा दुहेरी मूल्यांबद्दल इशारा देतो.

दोन-तीनच पॅरामीटर असतील तेथे वेगळ्या नावाचे छोटे फंक्शन लिहून त्यातून मूळ फंक्शनला डिफॉल्ट मूल्यांसह कॉल करणे हेच सर्वांत स्वच्छ, कारण त्याचा स्मृतीतील पत्ता फंक्शन पॉइंटरमध्ये ठेवून त्यामार्फत कॉल करता येतो. मॅक्रोतील डिफॉल्ट पॉइंटरमार्फत केलेल्या कॉलपर्यंत पोहोचत नाहीत.

ग्रंथालय, म्हणजे अनेक प्रोग्रॅमनी वापरायचा फंक्शनांचा संग्रह, स्वतंत्रपणे कंपाइल होत असेल, तर डिफॉल्ट कोठे साठवले आहेत हा प्रश्न उरतो. मॅक्रोतील मूल्य कॉल करणाऱ्याच्या कोडमध्ये गोठते व ग्रंथालय बदलले तरी जुनेच राहते. छोट्या फंक्शनातील मूल्य, ते हेडरमध्ये इनलाइन (म्हणजे कॉल करणाऱ्याच्याच कोडमध्ये उतरणारे) नसेल तर, ग्रंथालयाबरोबर बदलते. स्ट्रक्चरमध्ये नवा सदस्य आल्यास जुन्या प्रोग्रॅमचे स्ट्रक्चर आखूड पडते. लिनक्सच्या ओपनअ‍ॅट२ या सिस्टम कॉलमध्ये (२०२०, कर्नल ५.६) यासाठी स्ट्रक्चरचा आकार वेगळा कळवला जातो, व आखूड स्ट्रक्चरचा उरलेला भाग कर्नल शून्य धरतो, त्यामुळे तेथे प्रत्येक नव्या सदस्याचे शून्य हे मूल्य जुने वर्तनच दर्शवील, अशा बेताने तो आखावा लागतो.