रिपोर्ट नॉर्मल, पोट मात्र दुखतंय

जुन्या पोटदुखीचा पेशंट त्याच्या पिशवीवरून ओळखता येतो. पिशवीत एक जाड फाइल, फाइलमध्ये दोन-तीन सोनोग्राफी, एखादा सीटी स्कॅन, दुर्बिणीच्या तपासणीचे रंगीत फोटो, रक्त-लघवीचे कागद. आणि जवळपास प्रत्येक कागदाच्या तळाशी तोच शेरा, विशेष काही आढळले नाही. पहिल्यांदा हा शेरा वाचून जीव भांड्यात पडतो. चौथ्यांदा वाचताना रडू येतं. तोवर घरच्यांचाही धीर सुटत आलेला असतो, 'टेन्शन घेऊ नका' ऐकून कान किटलेले असतात, ओवा-हिंग करून झालेलं असतं आणि 'बेंबी सरकली असेल' म्हणत एखाद्या मावशीने तेल लावून पोटही चोळून दिलेलं असतं.

मला वाटतं, यातला निम्मा घोळ 'नॉर्मल' या शब्दाने केलेला आहे. सोनोग्राफी, सीटी, दुर्बीण ही सगळी आकार बघणारी साधनं. खडा, गाठ, व्रण, सूज, अडथळा त्यांना दिसतो. दुखणं हा मात्र मज्जातंतूंतून धावणारा संदेश आहे, आणि त्याचा फोटो निघत नाही. टेलिफोनच्या खांबाचा कितीही सुंदर फोटो काढला तरी लाइनीत खरखर आहे का, हे त्यावरून सांगता येईल का?

त्यात पोटाची लाइन मुळातच विचित्र. आतड्याच्या आतल्या अस्तराला चिमटा काढला तरी कळत नाही; दुर्बिणीतून तपासणीसाठी तुकडा घेतात, तेव्हा तो कधी घेतला हे पेशंटला समजतही नाही. पण तेच आतडं वायूने ताणलं गेलं, त्याला रक्त कमी पडलं किंवा त्याचा दाह झाला, की माणूस कळवळतो. शिवाय आतल्या अवयवांकडून येणारे वेदनेचे तंतू संख्येने थोडे, आणि ते मज्जारज्जूत अनेक पातळ्यांवर पसरून शिरतात. त्यामुळे 'कुठे' या प्रश्नाचं उत्तर मेंदूला अंदाजानेच द्यावं लागतं. जठराचं दुखणं छातीच्या खाली मध्यभागी, लहान आतड्याचं बेंबीभोवती, मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचं ओटीपोटात, असा हा ढोबळ हिशोब. अपेंडिक्स असतं उजवीकडे खाली, पण त्याची कळ बहुधा बेंबीपाशी सुरू होते. सूज पोटाच्या आतल्या आवरणापर्यंत पोचली की मग ती उजवीकडे सरकते, कारण त्या आवरणाचे तंतू त्वचेच्या तंतूंसारखे नेमका पत्ता सांगणारे असतात. डायाफ्रामला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याला, त्रास झाला तर खांदा दुखतो. आतल्या अवयवांचं दुखणं शरीरावर कुठे उमटतं याचा नकाशा हेन्री हेड या इंग्रज डॉक्टरने १८९३ मध्येच मांडला होता.

म्हणून 'कुठे दुखतं?' असं विचारल्यावर पेशंट हाताचं काय करतो, ते बघण्यासारखं असतं. बहुतेक जण तळहात पोटावर गोल फिरवतात: 'असं सगळीकडे.' काही जण मात्र एक बोट टेकवतात: 'इथे. बरोब्बर इथे.'

या एका बोटाची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण ती फार वेळा हुकते.

१९२६ मध्ये फिलाडेल्फियाचे सर्जन जॉन कार्नेट यांनी एक साधी तपासणी मांडली. पेशंटला उताणं झोपवायचं, दुखरी जागा बोटाने दाबून धरायची आणि त्याला डोकं-खांदे उचलायला सांगायचे. पोटाचे स्नायू टणक होतात आणि आतल्या अवयवांपुढे जणू फळी उभी राहते. दुखणं आतलं असेल तर या फळीमुळे दाब आत पोचत नाही, वेदना कमी होते. ती तेवढीच राहिली किंवा वाढली, तर दुखणं आत नाही. ते फळीतच आहे, म्हणजे पोटाच्या भिंतीत. अर्ध्या मिनिटाची तपासणी, खर्च शून्य.

भिंतीत दुखायला असतं काय? पोटाच्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना दोन उभे स्नायू आहेत; व्यायामशाळेतली मुलं ज्यांच्यासाठी घाम गाळतात, तेच. पाठीच्या कण्यातून निघालेल्या नसा बरगड्यांखालून पुढे येतात आणि या स्नायूंमधून जवळपास काटकोनात वळून एका छोट्या भोकातून त्वचेकडे जातात. त्या भोकात नस चिमटली की नाण्याएवढ्या जागेत सतत ठसठस. कुशीवर वळताना, खोकताना, घट्ट नाडी बांधल्यावर ती वाढते. वरची त्वचा चिमटीत धरली तर झोंबते, किंवा उलट बधिर लागते. १९७२ मध्ये याला स्वतंत्र आजार म्हणून नावही मिळालं. पण सोनोग्राफीत ही चिमटलेली नस सहसा दिसत नाही, दुर्बिणीत दिसण्याचा प्रश्नच नाही, आणि पेशंट 'पोट दुखतंय' म्हणतो म्हणून सगळेच जण पोटाच्या आत शोधत राहतात. या शोधात कुणाचं अपेंडिक्स जातं, कुणाची पित्ताशयाची पिशवी, आणि बोट टेकवायची जागा तीच राहते.

निदान पक्कं करण्याची रीतही सरळ आहे. त्या बिंदूवर भूल देणारं इंजेक्शन द्यायचं आणि काही मिनिटं थांबायचं. दुखणं ओसरलं, तर चोर सापडला. काहींना अशा इंजेक्शनांवरच दीर्घकाळ आराम पडतो. उरलेल्यांची नस कापावी लागते. ही शस्त्रक्रिया म्हणजे मनाची समजूत तर नव्हे, हे तपासायला नेदरलँडमधल्या सर्जननी ४४ पेशंटचे दोन गट केले; एका गटाची नस खरोखर कापली, दुसऱ्याला फक्त वरवर चीर दिली. नस कापलेल्या २२ पैकी १६ जणांना चांगला उतार पडला, नुसती चीर दिलेल्या २२ पैकी चौघांना. ते चौघेही विसरण्यासारखे नाहीत, पण फरक बोलका आहे.

तळहात फिरवणाऱ्यांची वाट वेगळी. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं आतडं दिसायला ठणठणीत असतं, फक्त त्याचा आवाज मोठा झालेला असतो. १९७३ मध्ये रिची नावाच्या संशोधकाने मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात छोटा फुगा घालून तो हवेने फुगवला. ६० मिलीलिटरपर्यंत फुगवल्यावर निरोगी माणसांपैकी फक्त ६ टक्क्यांना दुखलं; ज्यांना आयबीएस, म्हणजे चिडखोर आतड्याचा त्रास होता, त्यांच्यापैकी ५५ टक्क्यांना. फुगा तोच, हवा तेवढीच. 'तुम्हाला उगाच दुखतं' म्हणणाऱ्यांना हा प्रयोग दाखवावा.

आवाज मोठा होतो कशाने? एक कारण सापडलं ते एका दुर्घटनेतून. मे २००० मध्ये कॅनडातल्या वॉकर्टन या गावाच्या पिण्याच्या पाण्यात शेणातले जंतू मिसळले आणि दोन हजारांहून अधिक लोक आजारी पडले. जुलाब थांबले, जंतू गेले. पण पुढची कित्येक वर्षं त्या लोकांमध्ये आयबीएसचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त राहिलं. बेल्जियममधल्या ल्यूव्हेनच्या संशोधकांनी २०२१ मध्ये यातला एक दुवा दाखवला. आतड्याला संसर्ग झालेला असताना जे अन्न खाल्लं जातं, त्यालाच प्रतिकारशक्ती शत्रू समजून बसू शकते, आणि तेही फक्त आतड्यापुरतं. उंदरांमध्ये हे घडताना दिसलं. मग आयबीएसच्या १२ पेशंटच्या आतड्याच्या अस्तरात गहू, दूध, सोया यांसारख्या पदार्थांचा अंश टोचला, तर प्रत्येकात निदान एका पदार्थाला स्थानिक प्रतिक्रिया आली. रक्ताची ॲलर्जी तपासणी हे टिपत नाही, कारण भांडण गल्लीतलं आहे, ते गावभर पोचलेलंच नाही. पेशंट फक्त बारा, हे विसरू नये. पण 'अमुक खाल्लं की दुखतं' म्हणणाऱ्याला खुळ्यात काढण्याचे दिवस संपत आलेत, एवढं नक्की.

इथे टेन्शनबद्दल एक गोष्ट. जठराचा अल्सर काळजीने आणि तिखट खाण्याने होतो, असं डॉक्टरही दीर्घकाळ मानत. त्यामागे जंतू आहेत हे पटवायला ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये त्या जंतूंचा द्राव स्वतः पिऊन दाखवला, जठराला सूज आणली, आणि २००५ मध्ये त्यांना व त्यांचे सहकारी रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं. मनाचा पोटावर परिणाम होतो हे खरंच आहे. पण 'कारण सापडलं नाही, म्हणजे मन' हे निदान नव्हे, ती रिकामी जागा भरणं झालं.

आणि उलट बाजूचा घोळही तेवढाच. डॉक्टर कमी मात्रेत अमिट्रिप्टिलिन लिहून देतात, पेशंट घरी जाऊन मोबाइलवर बघतो, 'नैराश्यावरची गोळी' असं वाचतो आणि पट्टी कचऱ्यात टाकतो: 'मला वेडा समजतात!' नैराश्यासाठी लागणाऱ्या मात्रेपेक्षा ही मात्रा बरीच कमी असते. इथे ती वेदनेच्या तंतूंचा आवाज उतरवायला वापरतात. इंग्लंडमध्ये ४६३ आयबीएस पेशंटवर १० ते ३० मिलिग्रॅमची चाचणी झाली, २०२३ मध्ये तिचे निष्कर्ष आले. खोट्या गोळीपेक्षा खऱ्या गोळीने त्रास जास्त कमी झाला.

मात्र आयबीएसचा शिक्का मारण्याआधी काही दारं वाजवून बघावीच लागतात. वजन उतरणं, ताप, शौचातून रक्त, रक्तक्षय, दुखण्याने झोपेतून जाग येणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास: यातलं काही असेल तर वाट बघायची नाही. आपल्याकडे आतड्याचा टीबी अजून आहे, आणि तो क्रोन्स या आतड्याच्या दाहाच्या आजारासारखाच दिसतो. दोन्ही बहुधा लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावर बसतात, आणि उपचार मात्र परस्परविरोधी: क्रोन्ससाठी दिलेली, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं टीबीला मोकळं रान देतात. भस्मं-रसौषधी घेत असाल तर तेही सांगा. काहींत शिसं सापडलं आहे, आणि शिशाने पोटात कळा येतात, बद्धकोष्ठ होतं. कळा येऊन गेल्यावर लघवी उन्हात ठेवली की काळपट-लालसर होत असेल तर पोर्फिरिया हा दुर्मीळ आजार डॉक्टरांच्या कानावर घाला.

बायकांच्या बाबतीत सर्वात जास्त हुकतो तो एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर ओटीपोटात इतरत्र रुजतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रजननक्षम वयातल्या साधारण १० टक्के स्त्रियांना तो असतो. साधी सोनोग्राफी कित्येकदा नॉर्मल येते, आणि निदानाला अनेक वर्षं लागतात. 'पाळीत दुखायचंच' हे आईने, सासूने आणि कधी कधी डॉक्टरनेही सांगितलेलं असतं.

या सगळ्याचा सुगावा लावणारं साधन भिंतीवरच टांगलेलं असतं. ज्या कॅलेंडरवर दुधाचा खाडा आणि सिलिंडरची तारीख लिहिता, त्यावरच दुखलं त्या दिवशी एक फुली करा. बाजूला जेवणानंतर किती वेळाने दुखलं, शौचाला जाऊन आल्यावर थांबलं का, पाळीची तारीख, एवढंच. तीन महिन्यांत फुल्या पाळीच्या आसपास दाटतात, की दूध प्यायलेल्या दिवशी, की कशाचाच पत्ता न देता रोज त्याच नाण्याएवढ्या जागी, ते दिसायला लागतं. ती तीन पानं फाडून घ्या आणि फाइलमध्ये सगळ्यात वर लावा, सीटी स्कॅनच्याही वर.