नायट्रोजनच्या डब्यातलं बीज

लहानपणी आजोळी गाय माजावर आली की मामा डॉक्टरांना निरोप धाडायचा आणि ते मोटरसायकलला नायट्रोजनचा डबा बांधून यायचे. झाकण उघडलं की भसकन पांढरा धूर, त्यातून चिमट्याने काढलेली बैलाच्या वीर्याची बारीकशी कांडी, ती अर्धा मिनिट कोमट पाण्यात धरायची, गनमध्ये भरायची की झालं काम. आम्ही पोरं त्या धुरात हात घालायला टपलेलो असायचो आणि शिव्या खायचो. उरुळीकांचनच्या बाएफसारख्या संस्थांनी हे गावोगाव नेलं, त्यामुळे गोठवलेलं वीर्य ही भानगड आपल्या शेतकऱ्याला चांगली माहितीये. माणसाचंही तंत्र तेच, फक्त तिथे बोलायला आपण लाजतो.

याचा शोध लागला तो पण कोंबड्याच्या वीर्यावर, आणि चुकून. 1949 च्या सुमारास लंडनमधे ख्रिस्तोफर पोल्ज आणि त्याचे सहकारी साखरेच्या द्रावणात शुक्राणू गोठवून बघत होते, जमत नव्हतं, आणि एकदा अचानक जमलं. मग कळलं की बाटलीत साखर नव्हतीच, लेबलांचा घोळ झाला होता आणि आत ग्लिसरॉल होतं! ग्लिसरॉलमुळे पेशीतल्या पाण्याचे टोकदार स्फटिक कमी होतात. 1953 मधे अमेरिकेत गोठवलेल्या मानवी शुक्राणूंपासून गर्भधारणा झाली सुद्धा.

पण स्त्रीबीजाला त्यानंतर तीसेक वर्षं लागली, पहिली बातमी 1986 मधे ऑस्ट्रेलियातून आली. का, तर शुक्राणू म्हणजे शेपटी लावलेलं डीएनएचं गाठोडं, त्यात पाणी असून असून किती असणार. स्त्रीबीज मात्र साधारण 0.1 मिलिमीटरचं, म्हणजे नजर चांगली असेल तर नुसत्या डोळ्यांनी ठिपक्यासारखं दिसेल एवढं, आणि पाण्याने टच्च भरलेलं. फ्रीजरमधे पाण्याची काचेची बाटली विसरलात तर काय होतं आठवा. शिवाय त्याच्या आत गुणसूत्रांना धरून ठेवणारे नाजूक धागे असतात, ते नुसत्या गारठ्यानेही सुटतात.

यावर तोडगा म्हणजे बर्फ होऊच द्यायचा नाही. आधी बीजातलं बरंचसं पाणी काढून त्याजागी गोठणरोधक द्रव्यं भरायची, मग ते मिलिमीटरपेक्षाही अरुंद प्लास्टिकच्या पट्टीवर टेकवायचं, आजूबाजूचा द्रव जवळजवळ सगळा ओढून घ्यायचा आणि पट्टी सरळ उणे 196 अंशाच्या द्रव नायट्रोजनमधे बुडवायची. पाण्याला स्फटिक करायला वेळच मिळत नाही, काचेसारखं घट्ट होतं. मला तर हे पाकाचा खडा होण्याआधी गोळी वळण्यासारखं वाटतं. 2012 मधे अमेरिकेतल्या प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेने या पद्धतीवरचा 'प्रायोगिक' हा शिक्का काढला.

एवढा खटाटोप कशाला? कारण पुरुषाचा कारखाना चालू असतो, एक शुक्राणू तयार व्हायला अडीचएक महिने लागतात पण नवे येतच राहतात. बाईचा साठा मात्र आईच्या पोटातच भरून येतो. विसाव्या आठवड्यात 60-70 लाख, जन्मताना 10-20 लाख, वयात येताना तीनचार लाख, आणि त्यातली बाहेर पडतात जेमतेम चारपाचशे. पस्तिशीनंतर संख्या आणि दर्जा दोन्ही झपाट्याने उतरतात, म्हणून चाळिशीत गोठवलेलं बीज चाळिशीचंच राहतं, डब्यात गेलं म्हणून तरुण होत नाही. आणि गोठवलं म्हणजे मूल होणारच अशी गॅरंटी कोणी देत असेल तर तिथून सरळ उठून या.

खरी गरज कॅन्सरवाल्यांना, कारण केमोने शुक्राणू आणि स्त्रीबीजं दोन्ही मरू शकतात. माझ्या आतेभावाला 23 व्या वर्षी लिम्फोमा झाला, केमोची तारीख ठरली तरी हॉस्पिटलमधे कोणी या विषयावर चकार शब्द काढला नाही, शेवटी त्याच्या बहिणीनेच विचारलं आणि आदल्या दिवशी धावतपळत सीमेन बँक गाठली. पुरुषाचं एका दिवसात भागतं, बाईला बीजं पिकवायला इंजेक्शनांचे दहाबारा दिवस लागतात, म्हणून निदान झाल्या झाल्या विचारायचं. तेवढाही वेळ नसेल, किंवा मुलगी अजून वयातच आलेली नसेल, तर अंडाशयाचा तुकडा काढून गोठवतात, आणि असा तुकडा परत बसवून झालेलं पहिलं बाळ 2004 मधे बेल्जियममधे जन्मलं.

आत्याला मात्र वेगळीच काळजी, लाईट गेली तर? तिला सांगितलं, त्या टाकीला लाईट लागतच नाही, नायट्रोजन हळूहळू उडतो तेवढा वरचेवर भरावा लागतो. तर म्हणाली, मग भरतात ना रे वेळेवर?